नवमीला दारात आलेला बंब

खरं सांगायचं तर त्या वर्षी माझं आणि देवीचं बोलणं बंद होतं. म्हणजे पूजा चालू होती, दिवा लागत होता, फुलं वाहिली जात होती, पण ते सगळं हातानं. मनानं मी तिच्याशी कट्टी घेतली होती. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईनं देवीशी कट्टी घ्यावी, हे ऐकून हसायला येईल कुणालाही. पण माझा राग खरा होता. आदल्या वर्षी, श्रावण संपता संपता, माझे यजमान गेले. कामावरून येताना बसस्टॉपवर छातीत कळ आली आणि फुटपाथवर खाली बसले ते बसलेच. संध्याकाळची गर्दी होती. लोक म्हणे दारू प्यायलेला माणूस समजून वळसा घालून जात होते. वेळेवर उचलून आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. वर्षभर ते माझ्या कानात घुमत होतं, आणि देवघरासमोर उभी राहिले की तोंडाशी एकच यायचं, की बाई, एवढ्या गर्दीत तुला एक माणूस सापडला नाही?

आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात उरलो सासरे आणि मी. मामंजींची चिकपेटेच्या एका बोळात शिलाईची जागा होती. हात थरथरायला लागल्यावर ती बंद केली, पण मशीन आणि मोठी कात्री घरी आणून ठेवली होती. आमचं घराणं बंगळूरात किती पिढ्यांपासून आहे, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि रागावलो की दोन्ही. घर आमचं जयनगरच्या पुढे, एका जुन्या तळ्याच्या खालच्या अंगाला. जागा घेतली तेव्हा गच्चीवरून तळ्याचा बांध आणि त्यावरची झाडं दिसायची आणि आम्हाला त्याचं फार कौतुक होतं. तळ्याच्या खाली घर बांधणं म्हणजे काय, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे नवरात्रात घट बसले की घरातलं एक माणूस घटी बसतं. परडीत माती, मातीत धान, त्यावर घट, शेजारी अखंड दिवा. आणि त्या माणसानं घट उठेपर्यंत देवघरातच कांबळ्यावर निजायचं, एक वेळ खायचं आणि काही झालं तरी उंबरा ओलांडायचा नाही. मोरीही घरातच असल्यामुळे त्याची अडचण नव्हती. लहानपणापासून हे माझे यजमान करायचे. ते गेले त्या वर्षी घट बसलेच नाहीत. दुसऱ्या वर्षी मला वाटलं, आता सुटलो यातून. पण पितृपंधरवडा संपायच्या आत मामंजींनी कांबळं धुवून वाळत घातलं. मी म्हटलं, "तुमचे गुडघे धड आहेत का? कशाला हा उपद्व्याप?" तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याची जागा रिकामी ठेवू का मग?" मी उठले, गेले स्वयंपाकघरात आणि भांडी आपटत बसले.

त्याच नवरात्रात रेडिओवर बंगालच्या उपसागरातल्या वादळाच्या बातम्या सुरू झाल्या. किनाऱ्यावरची गावं खाली करताहेत, कोळ्यांना परत बोलावलंय, असं सांगत होते. आम्ही ऐकत होतो, हळहळतही होतो, पण समुद्र कुठे आणि आम्ही कुठे! आणि मग इथं आभाळ उतरलं. बंगळूरचा पाऊस संध्याकाळी येऊन तासाभरात आवरतं घेणारा, शहाण्या पाहुण्यासारखा. हा आला तो मुक्कामालाच. दिवस उजाडला तरी काळोख, गार वारा, आणि सारखी धार. फोन मुका झाला. गटाराचं पाणी रस्त्यावर आलं, रस्त्याचं अंगणात आलं. शेजारच्या सरोजम्मांकडे दिवाणखान्यात दसऱ्याच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडल्या होत्या, त्या त्यांनी एकेक करून वरच्या फळीवर चढवल्या. मी सुद्धा गव्हाचा डबा टेबलावर ठेवला. तेवढीच आमची तयारी म्हणायची.

नवमीच्या सकाळी कार्पोरेशनची जीप लाउडस्पीकर लावून गल्लीत आली. तळ्याचा बांध एका बाजूनं झिरपतोय, वाळूची पोती टाकायचं काम चाललंय, पण खालच्या गल्ल्यांतल्या सगळ्यांनी ताबडतोब वरच्या शाळेत जावं, असं ओरडून सांगत होते. त्यांना दोष देणार नाही. माणसं रात्रंदिवस भिजत होती, आवाज बसले होते, तरी प्रत्येक दार वाजवत होती. आमच्याही दारात दोघं आले. मी बाहेर, मामंजी आत घटापाशी. मी त्यांना सांगितलं की हे असं असं आहे, आमचे सासरे उंबरा ओलांडणार नाहीत. त्यातला एक बिचारा दारातूनच डोकावून हात जोडून, थोडं जमवून घ्या आजोबा, अशा अर्थाचं म्हणाला, "अज्जा, देवीला सांगा, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!" झालं! मामंजी असे भडकले की विचारू नका. कन्नडमधूनच त्याला सुनावलं, की आमची आई तुमच्या कार्पोरेशनात नोकरीला नाही. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या वेळी मात्र हसू आलं नाही, कारण मला त्यांचा स्वभाव माहीत होता. एकदा चिडले की मग ब्रह्मदेव आला तरी हलणार नाहीत. त्या माणसांना पुढची घरं होती. पुन्हा येतो म्हणाले आणि गेले.

दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. सरोजम्मा निघाल्या तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. त्यांच्या कडेवर त्यांच्या माहेरच्या राजाराणीच्या लाकडी बाहुल्या होत्या, लुगड्याच्या पदरात गुंडाळलेल्या. बाकीच्या बाहुल्या फळीवर सोडून दिल्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. "बा अक्का, तू तरी चल," म्हणून माझा हात ओढायला लागल्या. मी म्हटलं, "म्हाताऱ्याला टाकून कशी येऊ?" तर माझ्यावर रागावल्या, म्हणाल्या, "दोघंही हट्टी. एकाच मातीचे!" आणि रडत रडत गेल्या. त्यानंतर गल्लीत पावसाखेरीज कसला आवाज उरला नाही.

आमचं देवघर घरापेक्षा एक पायरी उंच. बाहेरच्या खोलीत पाणी आलं, खुर्च्यांचे पाय बुडले, कोळशाची पाटी तरंगायला लागली, आणि मामंजी त्या पायरीच्या आत कांबळ्यावर मांडी घालून बसलेले. समोर घट, धान चांगलं बोटभर उगवलेलं, आणि खंडेनवमी म्हणून त्यांनी सकाळीच कात्री आणि मशीनची सुई हळदकुंकू लावून घटापुढे मांडली होती. मी समजावून सांगितलं, हातापाया पडले, आरडाओरडा केला. त्यांना काखेत धरून उठवायला गेले तर त्यांनी देव्हाऱ्याचा खांब धरला. माझ्याच्यानं काय होणार! शेवटी दम लागून पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडून. तेव्हा ते हळूच म्हणाले, "पोरी, तू जा. तुला कुणी बांधलं नाही. मला इथं तो दिसतो गं. इथून उठलो की तो गेला."

तोपर्यंत मला वाटत होतं की हा म्हातारा व्रताचा हट्ट धरून बसलाय. त्या क्षणी कळलं, की त्यांना जगण्याचंच काही पडलेलं नाही. मुलाच्या जागेवर बसून मुलाच्या मागे जायची त्यांची तयारी झाली होती, आणि त्यांना त्यात दुःखसुद्धा नव्हतं. मला या जगात हेच एक माणूस उरलं होतं. सकाळी चहा कडू झाला म्हणून कुरकुरणारं, माझी वाट बघत फाटकाशी उभं राहणारं. आणि मग माझा बांध फुटला. वर्षभर जिच्याशी बोलले नव्हते, तिच्याशी मी भांडायला लागले, मोठ्यानं, मामंजींच्या देखत. म्हटलं, बाई, एक नेलंस, मी काही केलं का तुझं? हा एक ठेव. माझ्या हातून उठत नाही हा. मला जमत नाही. तूच काय ते कर, नाहीतर दोघांनाही ने एकदाची. असलं बोलणं प्रार्थनेत बसतं का, मला ठाऊक नाही. पण मला जमत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि म्हटल्यावर रडत तशीच बसून राहिले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग घंटा ऐकू आली. आधी वाटलं भास. मग पाण्याचा लोट ढकलत काहीतरी जड येत असल्याचा आवाज, आणि पुन्हा घंटा. मी उठून दारात गेले आणि जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही. आगीचा बंब आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले होते. पुढे झेंडूच्या माळा, भिजून जड झालेल्या. लाल पत्र्यावर हळदीचे पट्टे, कुंकू पावसानं ओघळून खाली उतरलेलं, आणि काचेच्या आत चामुंडीचा फोटो, त्याला मोगऱ्याचा गजरा. अगं बाई, मी दोन्ही हात जोडले. विचार करून नव्हे, आपोआप जोडले गेले.

आता त्यात नवल काही नव्हतं. नवमी म्हणजे इथं आयुधपूजा. रिक्षा, बसगाड्या, गिरणीतली यंत्रं, सगळ्यांची पूजा होते, तशी बंबाचीही. त्यांच्या ठाण्यात पूजा चाललेली असतानाच बोलावणं आलं, आणि ती माणसं आरतीचं ताट खाली ठेवून तशीच निघाली होती. आमच्या घरापर्यंत ती आली सरोजम्मांमुळे. शाळेत पोचल्यावर त्या बाहुल्या कुणाच्या तरी हातात देऊन पुन्हा खाली रस्त्यावर आल्या आणि बंबाच्या समोर उभ्या राहिल्या. आधी त्या घरी जा, मगच पुढे, म्हणाल्या. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं की मी मागितलं आणि ती दारात उभी आहे.

त्यांचा साहेब पाण्यातून आत आला. माझ्याच वयाचा असेल, कपाळभर कुंकू, खांद्यावर दोरी. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं, आता हा दोन माणसं बोलावून मामंजींना उचलून नेणार, आणि खरं तर मी त्यालाही तयार होते. पण तो देवघराच्या पायरीपाशी आला, घट पाहिला, आणि थांबला. डोक्यावरची टोपी काढली. मग त्या पाण्यात एका पायावर उभं राहून त्यानं गमबूट काढले, आधी एक, मग दुसरा, आणि अनवाणी वर चढून मामंजींच्या समोर बसला. घाई असलेला माणूस तो, बाहेर बांध कधी फुटेल सांगता येत नाही, आणि बसला. म्हणाला, "अज्जा, आम्हीही पूजेतच होतो. अर्ध्यातून उठून आलो. तायी बंदिद्दाळे. आई तुमच्या दारात आलीय, बघा तरी."

मामंजींनी मान वळवून बाहेर पाहिलं. केळीचे खुंट वाऱ्यानं हलत होते. मग त्यांनी काय विचारावं? "कोहळा फोडला का?" साहेब म्हणाला, "नाही अज्जा. कोहळा गाडीतच आहे. आरतीही राहिली." तर मामंजींचा चेहराच बदलला. सकाळपासून दगडासारखा बसलेला माणूस एकदम कासावीस झाला. "म्हणजे दृष्ट न काढता गाडी बाहेर काढलीत? असल्या पुरात? लेकरांनो, तुम्हाला काही झालं म्हणजे? घरी कुणी वाट बघतं ना तुमची?" आणि असं म्हणता म्हणता म्हातारा खांबाला धरून उठायला लागला! मला म्हणाले, "बघत काय बसलीस? ताट दे. निरांजन लाव. अर्धी पूजा ठेवून कुणी जातं का?"

मी ताट केलं. साहेबानं त्यांना एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. पायरी उतरलो, पाण्यातून खोली ओलांडली, आणि उंबरा कधी ओलांडला ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांचं सगळं ध्यान निरांजनावर, वाऱ्यानं विझू नये म्हणून. फाटकाशी ते विझलंच. मामंजी म्हणाले, "असू दे, तिला दिसलं." बंबाच्या नाकाडापर्यंत त्यांचा थरथरता हात पोचेना. तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तू लाव हळदकुंकू." मी दचकले. यजमान गेल्यापासून मी करंड्याला हात लावला नव्हता. लावू नकोस असं मामंजी कधी म्हणाले नव्हते, पण लाव असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि आपल्यात हे न सांगताच कळतं. मी हात मागे घेतला. ते खेकसले, "दारात आलेल्या आईला कोरडं पाठवणार का? लाव!" मी लावलं. ओल्या पत्र्यावर बोटं टेकवली आणि मला हुंदका आवरेना. बंबावरची माणसं, एवढी धिप्पाड माणसं, माना खाली घालून उभी होती.

कोहळा जमिनीवर फोडायची सोय नव्हती, सगळीकडे पाणी. मामंजींनी तो गाडीवरून तीनदा ओवाळला आणि ड्रायव्हरनं तो फाटकाच्या खांबावर आपटून फोडला. आत भरलेल्या कुंकवाचं लाल पाणी उडालं, सगळ्यांच्या अंगावर. कुणीतरी हसलं. आणि मग मामंजींनी इकडेतिकडे पाहिलं, आपले पाय पाहिले, मागे वळून घराचं दार पाहिलं आणि लहान मुलासारखे म्हणाले, "अगं, मी बाहेर आलो की गं." मी म्हटलं, "हो, आलात." साहेबानं विचारलं, घट आणायचे का. मामंजी म्हणाले, "नको. बसलेल्या देवीला हलवू नये. ती बघेल तिचं." दार उघडंच ठेवलं आणि आम्हाला बंबावर चढवलं.

संध्याकाळी बांध एका बाजूनं गेला. पोत्यांनी तोवर बरंच पाणी थोपवलं होतं, त्यामुळे गल्लीत कुणाचा जीव गेला नाही. पण आमच्या घरात पाणी खिडकीच्या वरपर्यंत चढलं. पाणी उतरल्यावर गेलो तेव्हा देवघरात चिखल होता, आणि देव्हाऱ्याचा तो खांब मोडून पडला होता.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, शाळेतलं. वर्गातले बाक भिंतीला लावून सतरंज्या घातल्या होत्या. बाहेर गडगडाट झाला, बांध गेल्याची बातमी आली, बायका रडायला लागल्या. मामंजी कोरडं धोतर नेसून भिंतीला टेकून बसले होते. सरोजम्मा त्यांचे पाय पुसत होत्या. थोड्या वेळानं बंबावरचा एकजण मोठी पाटी घेऊन आला. आयुधपूजेचा प्रसाद, चुरमुरे, डाळं आणि गूळ. ठाण्यातला राहिलेला नैवेद्य त्यांनी शाळेत आणून सगळ्यांना वाटला. मामंजींनी मूठभर घेतला, तोंडाकडे नेला आणि हात तसाच राहिला. मला वाटलं उपवास आठवला. मी म्हटलं, "खा, प्रसादाला उपवास नसतो." त्यांनी मान हलवली. मुलगा गेल्यापासून एक टिपूस काढला नव्हता या माणसानं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि म्हणाले, "पोरी, मला उठवायला ती एवढी गाडी घेऊन आली. मग त्याला उठवायला का गं नाही आली?"

माझाच प्रश्न होता तो. वर्षभराचा. शब्द तेवढे वेगळे. मला वाटत होतं, मी एकटीच विचारतेय. मी म्हटलं, "मला नाही ठाऊक, मामंजी." आणि त्यांचा हात धरला. तो चुरमुऱ्यांनी भरलेला हात तसाच धरून आम्ही दोघं पोटभर रडलो, एकमेकांना न लपवता, पहिल्यांदाच. रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, मुठीतला अर्धा प्रसाद माझ्या हातावर ठेवला, आणि आम्ही दोघांनी खाल्ला.

मामंजी त्यानंतर बरीच वर्षं जगले, चहाला नावं ठेवत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. आता मिळेल असं वाटतही नाही. लोक म्हणतात, देवीनं चमत्कार केला. कुणी म्हणतं, सरोजम्मांनी केला, कुणी म्हणतं त्या साहेबानं. मी वाद घालत नाही. मला फक्त एवढंच माहीत आहे की मला जमत नाही असं म्हणून मी बसले, तेव्हा कुणीतरी आपली पूजा अर्ध्यावर टाकून निघालेलं होतं. बाकीचं मी तिच्यावर सोडलं आहे. मात्र रस्त्यात कुणी खाली बसलेलं दिसलं, तर मी वळसा घालून जात नाही. वाकते, खांद्याला हात लावते आणि विचारते, "काय होतंय, अण्णा? उठता का?"